फायनल फँटसी ८ पुन्हा खेळताय? मग या क्रमाने खेळा

‘फायनल फँटसी ८’ अर्धवट सोडलेल्या माणसाशी बोललं की तक्रारी ठरलेल्या असतात. प्रत्येक लढाईत शत्रूकडून जादू ओढत बसावं लागतं. लेव्हल कितीही वाढवली तरी शत्रू सोपे होत नाहीत. पैसे मिळत नाहीत. गार्डियन फोर्सचं, म्हणजे मदतीला बोलावता येणाऱ्या शक्तिशाली जीवांचं, तेच लांबलचक दृश्य दर लढाईत बघावं लागतं. चारही तक्रारी खऱ्या आहेत, आणि चारही हा गेम इतर आरपीजींसारखा (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेमसारखा) खेळल्यामुळे येतात. मीही पहिल्यांदा तसाच खेळलो. पंचवीस-तीस तास घालवून दुसऱ्या डिस्कवर थांबलो आणि दोष गेमला दिला.

दुसऱ्यांदा योग्य क्रमाने खेळलो, तेव्हा पहिल्या डिस्कच्या मध्यावरच माझा स्क्वॉल, म्हणजे कथेचा नायक, तगडा झाला होता. लेव्हल दहाच्या आसपास होती. या गेममधली खरी मेहनत लढाईबाहेर, मेनूमध्ये करायची असते. ती कोणत्या क्रमाने करायची, ते खाली टप्प्याटप्प्याने दिलं आहे. पहिले सहा टप्पे मनापासून पाळा, पुढचं सोपं जातं.

## सुरुवात करण्याआधी

प्लेस्टेशनची मूळ आवृत्ती १९९९ ची आणि पीसीची २०००ची. सप्टेंबर २०१९ मध्ये रीमास्टर्ड आवृत्ती आली. आज नव्याने घ्यायचा असेल तर रीमास्टर्ड घ्या. तिच्यात तीन सोयी आहेत: तिप्पट वेग, वाटेतल्या लढाया बंद करणं, आणि लढाईत एचपी (जीवन-गुण) व लिमिट ब्रेक (एचपी कमी झाल्यावर येणारा खास हल्ला) कायम हाताशी ठेवणारी मदत. तिप्पट वेग बिनधास्त वापरा. लढाईतली मदत मात्र पूर्ण बंद ठेवा, कारण ती चालू असली की पात्रांना जादू जोडण्यात चूक झाली तरी कळत नाही. वाटेतल्या लढायाही सुरुवातीला चालूच राहू द्या, त्यांची गरज आहे.

सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी करा. एटीबी, म्हणजे लढाईतल्या वेळेची पद्धत, ‘वेट’वर ठेवा, म्हणजे जादूची यादी चाळताना शत्रू हल्ला करत नाही. आणि कर्सर ‘मेमरी’वर ठेवा. शिवाय एक वही जवळ घ्या. कोणाकडे कोणती जादू किती नग आहे हे लिहून ठेवलं, तर तिसऱ्या डिस्कपर्यंत गोंधळ होत नाही.

## टप्पा १: आधी हिशेब समजून घ्या

कंटाळा आला तरी हा भाग गाळू नका. बहुतेकांची गाडी इथेच घसरते.

प्रत्येक पात्राला दर १,००० अनुभव-गुणांना एक लेव्हल मिळते. पहिल्या लेव्हलपासून शंभरापर्यंत हा आकडा तोच राहतो. पण तुमच्या तिघांची सरासरी लेव्हल वाढली की शत्रूंचीही लेव्हल वाढते. त्यांचा एचपी वाढतो, मार वाढतो. लेव्हल वाढल्याने तुमच्या पात्राची ताकद मात्र थोडीशीच वाढते. म्हणजे नुसत्या लेव्हलच्या मागे धावलात, तर प्रत्येक पावलावर शत्रू तुमच्यापेक्षा जास्त कमावतो.

ताकद येते जंक्शनमधून, म्हणजे जादू पात्राच्या गुणांना जोडण्यातून. एका जादूचे जास्तीत जास्त १०० नग ठेवता येतात, आणि एका पात्राला ३२ प्रकारची जादू बाळगता येते. एचपीला क्युरागा १०० नग जोडला की एचपीत २,२०० ची भर पडते. स्क्वॉलचा मूळ एचपी हजाराच्या आत असतो, त्या काळात ही भर म्हणजे काय, ते बघा.

जोडलेली जादू ही मुदत ठेव समजा. लढाईत ती वापरली की ठेव मोडली. नग कमी होतात आणि गुणही उतरतो. लोक ताकदीला जोडलेली जादू शत्रूवर फेकतात आणि ‘माझा मार कमी का झाला’ म्हणून विचारत बसतात.

तपासा: स्ट्रेंथ, एचपी किंवा मॅजिकला जी जादू जोडली आहे, ती लढाईत वापरायची नाही. लढाईत वापरायला वेगळी जादू ठेवा, किंवा शत्रूकडून ‘ड्रॉ’ करून, म्हणजे जादू ओढून, तिथल्या तिथे ‘कास्ट’ करा, म्हणजे वापरा. त्यात तुमचा साठा खर्च होत नाही.

## टप्पा २: वर्ग ते फायर कॅव्हर्न

बालम्ब गार्डन या स्क्वॉलच्या लष्करी शाळेच्या वर्गात स्क्वॉलच्या बाकावर जो स्टडी पॅनल आहे, तो उघडा. क्वेझाकोटल आणि शिवा हे दोन गार्डियन फोर्स तिथेच मिळतात. (नाव ऐकून शंकर आठवेल, पण ही शिवा म्हणजे बर्फाची स्त्री आहे.) मग लगेच मेनूत जाऊन हा क्रम पाळा:

१. जंक्शनमध्ये आधी गार्डियन फोर्स पात्राला जोडा. त्याशिवाय जादू जोडण्याची जागाच उघडत नाही.
२. मग कमांड भरा. ‘अटॅक’ कायम असतो, उरलेल्या तीन जागा तुमच्या. सुरुवातीला ‘ड्रॉ’ आणि ‘मॅजिक’ हवेतच. तिसरी जागा थोड्याच वेळात ‘कार्ड’ला द्यायची आहे.
३. शेवटी जीएफ (गार्डियन फोर्स) मेनूत जाऊन तो काय शिकतोय ते बघा.

तिसरी पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. गार्डियन फोर्स स्वतःहून काहीतरी शिकायला घेतो, आणि बऱ्याचदा ते स्वतःचाच मार वाढवणारं असतं. ते नको आहे. क्वेझाकोटलला आधी ‘कार्ड’ शिकवा, मग ‘कार्ड मॉड’. शिवाला ‘स्ट्रेंथ-जे’, म्हणजे ताकदीला जादू जोडण्याची क्षमता, शिकवा. नवा गार्डियन फोर्स हाती आला की त्याच मिनिटाला त्याचा अभ्यासक्रम बदला.

फायर कॅव्हर्नमध्ये वेळ निवडायला सांगतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला २० मिनिटं पुरेशी आहेत. इफ्रिट आगीचा आहे, म्हणून त्याच्यावर बर्फाची जादू वापरा. तो हरला की गार्डियन फोर्स म्हणून सोबत येतो आणि त्याचा पत्ताही, म्हणजे खेळायचं कार्ड, मिळतो. हा पत्ता जपून ठेवा, पुढच्याच टप्प्यात कामी येणार आहे.

इशारा: बालम्बच्या आसपासच्या मैदानात लेव्हल वाढवायला फिरू नका. जुनी सवय म्हणून हात तिकडे जातोच. पण इथे गरज आहे ती एपीची, म्हणजे गार्डियन फोर्सच्या शिक्षणाला लागणाऱ्या गुणांची. ते मिळवायची वेगळी वाट पुढे आहे.

## टप्पा ३: पत्ते हा टाइमपास नाही

गार्डनच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टजवळ, एक माणूस सात पत्ते देतो. ते घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘ट्रिपल ट्रायड’ला बाजूचा खेळ समजून सोडून देणं, ही या गेममधली सर्वात महागडी चूक आहे. गेमचा निम्मा कच्चा माल या पत्त्यांतूनच येतो.

क्वेझाकोटलने ‘कार्ड’ शिकलं की लढाईत शत्रूला मारायचं नाही. त्याचा एचपी थोडा उरेपर्यंत उतरवायचा आणि त्याचा पत्ता करायचा. असं केल्याने एपी मिळतात, अनुभव-गुण मिळत नाहीत. गार्डियन फोर्स शिकत राहतात आणि लेव्हल जागेवर राहते. बहुतेक बॉसही अनुभव-गुण देत नाहीत, फक्त एपी देतात. हे लक्षात आलं की पहिल्या टप्प्यातला हिशेब आपोआप तुमच्या बाजूने फिरतो.

माणसांशी खेळताना बालम्बचे नियम सर्वात सोपे आहेत: दोघांचे पत्ते उघडे, आणि जिंकणाऱ्याला एक पत्ता. इथे पोटभर खेळून घ्या. क्विस्टिसच्या चाहत्यांकडे, ज्यांना ‘ट्रेपी’ म्हणतात, क्विस्टिसचा पत्ता असतो. इफ्रिटच्या पत्त्याच्या जोरावर तो जिंका. एकदा हरलात तर सेव्ह उघडून पुन्हा खेळा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इशारा: दुसऱ्या प्रदेशात गेल्यावर समोरचा खेळाडू ‘दोन्हीकडचे नियम मिसळून खेळू या’ असं विचारतो. नाही म्हणा. ‘रँडम’ नावाचा नियम एकदा बालम्बला आला की हातात कोणते पाच पत्ते येतील यावर ताबा राहत नाही. जमवलेले उत्तम पत्ते मग नुसतेच पडून राहतात.

## टप्पा ४: डॉलेट, आणि हातची जाऊ न द्यायची सायरन

डॉलेट शहरात सीड होण्यासाठीची परीक्षा असते (सीड म्हणजे गार्डनचे भाडोत्री सैनिक). त्या परीक्षेत मनोऱ्याच्या माथ्यावर एल्व्होरेट नावाचा बॉस येतो. त्याच्याकडून सायरन ‘ड्रॉ’ करायची असते. बॉसला मारण्याच्या घाईत लोक ती विसरतात. गार्डियन फोर्स असा बॉसकडून ओढायचा असतो, हे तिथे कुणी सांगत नाही.

म्हणून एक सवय लावून घ्या. प्रत्येक बॉसशी लढताना पहिल्या टर्नला ‘ड्रॉ’ उघडून त्याच्याकडे काय आहे ते पाहा. यादीत जादूऐवजी एखादं वेगळंच नाव दिसलं की आधी ते घ्या, मग लढा. एल्व्होरेटकडे ‘डबल’ नावाची जादूही आहे, तिचेही काही नग घेऊन ठेवा.

परतताना यांत्रिक कोळी पाठलाग करतो. त्याला नमवण्याच्या नादी लागू नका, पळा. समुद्रकिनाऱ्यावर पोहोचायला ३० मिनिटं असतात आणि परीक्षेतलं तुमचं वागणं सीडच्या सुरुवातीच्या दर्जात धरलं जातं.

तपासा: डॉलेट संपल्यावर तुमच्याकडे चार गार्डियन फोर्स हवेत: क्वेझाकोटल, शिवा, इफ्रिट, सायरन. सायरन नसेल आणि जवळचा सेव्ह असेल, तर मागे जा. ती शेवटच्या डिस्कवर पुन्हा मिळते, पण तिची खरी गरज आत्ता आहे.

## टप्पा ५: पगार, खात्याची परीक्षा आणि दिवा

शत्रू मारून पैसे मिळत नाहीत, कारण तुम्ही नोकरीत आहात. स्क्वॉल सीड झाला की चालण्याच्या पावलांच्या हिशेबाने ठरावीक अंतराने पगार जमा होतो, आणि रक्कम दर्जावर ठरते. सर्वोच्च दर्जाला एका वेळचे ३०,००० गिल (गेममधलं चलन) मिळतात.

दर्जा वाढवायचा असेल तर खात्याची परीक्षा द्यायची. मेनूतल्या ट्युटोरियलमध्ये ‘टेस्ट’ आहे. एकूण ३० परीक्षा, प्रत्येकीत हो-नाहीचे दहा प्रश्न. दहाही उत्तरं बरोबर आली की दर्जा एकाने वाढतो. नापास झालात तर काही कापलं जात नाही, पुन्हा बसा. फक्त स्क्वॉलच्या लेव्हलएवढ्याच क्रमांकापर्यंतच्या परीक्षा देता येतात. म्हणजे दहाव्या लेव्हलला दहा परीक्षा, आणि एवढ्या बढतीवर सुरुवातीचा सगळा खर्च भागतो. असंख्य लोक हा मेनू एकदाही न उघडता अख्खा गेम कडकीत काढतात.

इशारा: लढाया टाळत राहिलात तर दर्जा घसरू शकतो. त्यामुळे सगळ्या परीक्षा एका दमात संपवू नका, दोन-तीन राखून ठेवा.

टिम्बरला निघताना मुख्याध्यापक सिड एक दिवा देतात. तो वस्तूंच्या यादीतून ‘वापरायचा’ असतो, आणि वापरला की थेट डायाब्लोसशी लढाई सुरू होते. आधी सेव्ह करा. त्याच्याकडून ‘डेमी’ ओढा आणि त्याच्यावरच सोडा, कारण ही जादू समोरच्याच्या उरलेल्या एचपीचा ठरावीक हिस्सा काढते. त्याचे गुरुत्वाचे हल्लेही तसेच असतात. ते एचपी खाली आणतात, पण एकट्याने जीव घेत नाहीत. जीव जातो तो साध्या हल्ल्याने, म्हणून एचपी अगदी तळाला गेला की आधी उपचार करा.

दिवा नंतर वापरू म्हणून ठेवून देऊ नका. डायाब्लोस हा या संपूर्ण क्रमाचा कणा आहे. त्याला पहिल्यांदा ‘टाइम मॅग-आरएफ’ शिकवा, मग ३० एपीचं ‘एन्क-हाफ’, मग १०० एपीचं ‘एन्क-नन’. शेवटचं शिकून झालं की वाटेतल्या लढाया तुमच्या इच्छेवर चालतात. गेम संथ वाटण्याचं अर्धं कारण तिथेच संपतं.

## टप्पा ६: ओढू नका, रूपांतर करा

आता गेमचा गाभा. जादूचे १०० नग जमवण्यासाठी शत्रूसमोर उभं राहून एका वेळी जेमतेम नऊ नग ओढत बसणं म्हणजे ओंजळीने हौद भरणं. माझे पहिल्या खेपेचे कितीतरी तास त्यातच गेले. गेमने दुसरी वाट दिलेली आहे. ज्या क्षमतेच्या नावाच्या शेवटी ‘आरएफ’ असतं, ती एका वस्तूचं दुसऱ्यात रूपांतर करते. वस्तूपासून जादू, जादूपासून वरच्या दर्जाची जादू, आणि ‘कार्ड मॉड’ने पत्त्यापासून वस्तू.

हे तीन धागे आधी पकडा.

तंबू ते क्युरागा. सायरनला ‘एल मॅग-आरएफ’ शिकवा, ३० एपी लागतात. दुकानातून १,००० गिलला एक असे तंबू घ्या. एका तंबूचे १० क्युरागा होतात, म्हणजे १० तंबूंचे १००. दहा हजार गिल खर्चून एका पात्राचा एचपी २,२०० ने वाढला. आधी खात्याच्या परीक्षा देऊन पगार वाढवायला सांगितलं, ते यासाठी. तिघांना तीस तंबू लागतील. ते पगाराच्या दोन-चार हप्त्यांत घेतले तरी चालतात, पहिली खरेदी स्क्वॉलसाठी.

क्विस्टिसचा पत्ता ते ट्रिपल. ‘कार्ड मॉड’ने या एका पत्त्याचे ३ ‘समँथा सोल’ होतात. डायाब्लोसच्या ‘टाइम मॅग-आरएफ’ने एका सोलचे ६० ट्रिपल मिळतात. तीन सोल म्हणजे १८० नग. ट्रिपल ही गेममधल्या सर्वोत्तम जादूंपैकी एक आहे, आणि स्ट्रेंथला १०० नग जोडले की ७० ची भर पडते. पहिल्या डिस्कवर हे मिळणं म्हणजे काय, ते पहिल्याच हल्ल्यात कळेल. अट एवढीच की हा पत्ता एकमेव आहे आणि रूपांतर केलं की हातातून जातो. सगळे पत्ते जमवायची हौस असेल, तर तो ठेवा आणि पुढचा धागा वापरा.

अ‍ॅबिस वर्म ते टॉर्नेडो. वाळवंटातल्या या अळीचा पत्ता करा. एका पत्त्याचं एक ‘विंडमिल’ मिळतं, आणि क्वेझाकोटलच्या ‘टी मॅग-आरएफ’ने एका विंडमिलचे २० टॉर्नेडो. पाच अळ्यांत १०० नग होतात, आणि स्ट्रेंथमध्ये ४८ ची भर पडते. क्विस्टिसचा पत्ता न मोडता ताकद हवी असेल तर हीच वाट. मला व्यक्तिशः हीच जास्त आवडते, कारण एकाच पात्रावर न थांबता तिघांसाठी पुन्हा पुन्हा करता येते.

याशिवाय किनाऱ्यावरच्या माशासारख्या शत्रूंकडून मिळणारे ‘फिश फिन’ शिवाच्या ‘आय मॅग-आरएफ’ने प्रत्येकी २० वॉटर देतात. फायर कॅव्हर्ननंतर लगेच करता येईल असं सोपं काम आहे, पद्धत हाताखालून जावी म्हणून एकदा करून बघा.

मग ‘ड्रॉ’ कधी करायचा? नवा गार्डियन फोर्स दिसला तर, जी जादू रूपांतराने अजून मिळत नाही ती दिसली तर, आणि ओढून तिथेच वापरायची असेल तर. एरवी नाही.

तपासा: टिम्बरची कामगिरी संपेपर्यंत स्क्वॉलकडे १०० क्युरागा आणि ताकदीसाठी एक तगडी जादू हवी. लेव्हल पंधराच्या आत असेल तर उत्तम. वीस झाली असेल तरी घाबरू नका, क्रम तोच ठेवा.

## टप्पा ७: जंक्शन बसवण्याचा क्रम

आधी स्ट्रेंथ, मग एचपी, मग बाकी सगळं. मॅजिक वाढवण्याच्या मोहात सुरुवातीला पडू नका. या गेममध्ये साधा हल्ला हेच मुख्य शस्त्र आहे. इफ्रिट आणि शिवा दोघेही ‘स्ट्रेंथ-जे’ शिकतात, म्हणून त्यांना दोन वेगवेगळ्या पात्रांना वाटा. सगळे चांगले गार्डियन फोर्स स्क्वॉललाच जोडून ठेवले, की बाकी दोघे लढाईत नुसते उभे राहतात.

जंक्शनच्या पडद्यावर ‘ऑटो’ आहे आणि त्यात अटॅक, मॅजिक, डिफेन्स असे तीन पर्याय आहेत. नवख्याने आधी ‘अटॅक’ निवडावा आणि मग यादी स्वतः वाचावी. कोणती जादू लढाईसाठी मोकळी ठेवायची आहे, हे ऑटोला ठाऊक नसतं.

स्पीड जोडण्याची सोय पँडेमोना किंवा सर्बेरस मिळाल्यावर येते. तोपर्यंत ट्रिपल स्ट्रेंथला ठेवा, मग स्पीडला हलवा. तिथेही ७० चीच भर मिळते.

स्टेटस-डिफेन्सकडे बहुतेक जण बघतही नाहीत. तिथे डेथ जोडली की एका फटक्यात जीव घेणारे हल्ले अडतात. दुसऱ्या डिस्कपासून त्याची सवय ठेवा. शस्त्रं जंक शॉपमध्ये वस्तू देऊन सुधारता येतात, पण त्यासाठी वाट वाकडी करू नका. मार जोडणीतून येतो.

## टप्पा ८: लढाईत काय करायचं

थोडक्यात सांगतो. गार्डियन फोर्सना हाका मारणं थांबवा. सुरुवातीच्या तासाभरात ते उपयोगी पडतात, पण स्ट्रेंथ जोडल्यावर साधा हल्ला त्यांच्याइतकाच मार देतो आणि वेळ वाचतो. त्यांचा खरा उपयोग जोडणीसाठी आणि शिकण्यासाठी आहे.

एचपी साधारण एक-तृतीयांशाखाली गेला की लिमिट ब्रेक येऊ शकतो. ‘अटॅक’शेजारी बाण दिसतो. दिसला नाही तर टर्न पुढच्यावर ढकला, परत आल्यावर तो दिसण्याची शक्यता पुन्हा ताजी होते. बॉसच्या लढाईत स्क्वॉलला पूर्ण बरं करत बसू नका. एचपी कमी ठेवून रेन्झोकुकेन हा त्याचा लिमिट ब्रेक चालवा, आणि पट्टीवर ठिपका खुणेत आला की ट्रिगर दाबा.

## टप्पा ९: पक्ष फुटतो तेव्हा

कथेत तुमचे सहा जण वारंवार दोन गटांत विभागले जातात. डेलिंग सिटीत एक गट कमानीपाशी असतो, दुसरा नेमबाजीला जातो. दुसऱ्या डिस्कवर सेल्फीचा गट क्षेपणास्त्र तळावर जातो. गार्डियन फोर्स दुसऱ्या गटात राहिले, की उघड्या अंगाने लढावं लागतं. खूप जणांना इथे वाटतं की गेम अचानक कठीण झाला.

उपाय मेनूतच आहे. ‘स्विच’मध्ये ‘जंक्शन एक्स्चेंज’ आहे. एका पात्राची गार्डियन फोर्स, जादू आणि जोडणीसकट सगळी व्यवस्था दुसऱ्याला एका फटक्यात देता येते. गट बदलला, नवा माणूस नियंत्रणात आला, की सर्वात आधी हा पडदा उघडा.

इशारा: तिसऱ्या डिस्कवर इडिया काही काळ पक्षात येते आणि कथेनुसार निघून जाते. तिच्याकडे मौल्यवान जादू साठवू नका.

याच टप्प्यावर कथेविषयी एक गोष्ट. गार्डियन फोर्स वापरण्याची किंमत काय, हा प्रश्न कथेत येतो आणि त्याचं उत्तर दुसऱ्या डिस्कवर मिळतं. इतका वेळ मेनूत जे केलं, ते कथेतही तितकंच खरं असतं. स्क्वॉल तुटक बोलतो म्हणून त्याचे संवाद दाबत पुढे जाऊ नका. तो मनात काय म्हणतो, तेही पडद्यावर येतं, आणि तो समजतो तो तिथेच.

## टप्पा १०: शेवटच्या वाड्याची तयारी

रॅग्नारोक हे यान हाती आलं की नकाशाच्या दोन टोकांची बेटं गाठा, एक स्वर्गाजवळचं आणि एक नरकाजवळचं. तिथे लपलेल्या ड्रॉ-पॉइंटमधून, म्हणजे जादू ओढायच्या जागांतून, अल्टिमासारखी जादू मिळते. तिथले शत्रू शंभराव्या लेव्हलचे असतात, म्हणून ‘एन्क-नन’ जोडल्याशिवाय पाय ठेवू नका. नकाशावरचे हे पॉइंट सायरनचं ‘मूव्ह-फाइंड’ लावूनही दिसत नाहीत, चालत बटण दाबून शोधावे लागतात.

शेवटची शत्रू अल्टिमेशिया हिच्या वाड्यात शिरताच तुमच्या क्षमतांना कुलूप लागतं: वस्तू, जादू, गार्डियन फोर्स, ड्रॉ, कमांड, लिमिट ब्रेक, पुनरुज्जीवन आणि सेव्ह. एकेका बॉसला हरवलं की एकेक कुलूप उघडतं, आणि कोणतं ते तुम्ही ठरवता. माझा क्रम असा: जादू, पुनरुज्जीवन, सेव्ह, लिमिट ब्रेक. मग ड्रॉ, कारण राहून गेलेले गार्डियन फोर्स याच वाड्यातल्या बॉसकडे असतात. सायरन ट्राय-पॉइंटकडे, कार्बंकल क्रिस्टाकडे, लेव्हायथन ट्रॉमाकडे, पँडेमोना रेड जायंटकडे, अलेक्झांडर कॅटोब्लेपसकडे आणि ईडन टियामॅटकडे.

शेवटच्या लढाईत सहापैकी कोणतेही तिघं गेमच निवडतो. एखादा पडून राहिला तर तो कायमचा जातो आणि दुसरा पुढे येतो. म्हणून सहाही जणांची जोडणी पूर्ण करून मगच दार उघडा. तीनच जणांवर भर देऊन आलेले लोक इथे हरतात. अल्टिमेशिया साठ्यातली जादूही उडवून टाकते, त्यामुळे एकाच जादूवर सगळं अवलंबून ठेवू नका.

## जुना सेव्ह बिघडलेला असेल तर

लेव्हल चाळीसच्या पुढे गेलीय, खिसा रिकामा आहे आणि जोडणी विस्कटलेली आहे, असा सेव्ह अनेकांकडे असतो. तो पुसू नका.

१. स्क्वॉल तिसाव्या लेव्हलच्या पुढे असेल तर तिसही परीक्षा तुमच्यासाठी खुल्या आहेत. त्या द्या आणि पगार वाढवा. जास्त लेव्हलचा हा एक खरा फायदा आहे.
२. डायाब्लोस असेल तर त्याला ‘एन्क-नन’पर्यंत न्या. दिवा अजून यादीत पडून असेल तर आधी तो वापरा.
३. पुढच्या पगारातून तंबू घ्या आणि तिघांचा क्युरागा भरून काढा.
४. साठ्यातले सगळे पत्ते ‘कार्ड मॉड’च्या यादीतून एकेक करून बघा. काय होईल ते रूपांतर करण्याआधीच दिसतं.
५. प्रत्येक गार्डियन फोर्सचा अभ्यासक्रम तपासा. स्वतःचा मार वाढवणारं काही शिकत असेल तर बदला.
६. टोनबेरी मिळाला असेल तर त्याचं ‘लेव्हल डाउन’ लढाईत शत्रूची लेव्हल खाली आणतं. चिवट शत्रूंवर ते वापरा.

हे सगळं करायला साधारण एक संध्याकाळ लागते. त्यानंतर ज्या बॉसपाशी अडकला होतात, तिथे जा, आणि लढाई सुरू होताच पहिल्या टर्नला ‘ड्रॉ’ उघडून यादी वाचा.